हरकत आणि ना-हरकत : ऊर्जेच्या खाणी आणि संमतीची भाषा

'हरकत' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ हालचाल. शास्त्रीय गायनात तो अर्थ अजून शिल्लक आहे. गायक सुरांची एखादी चपळ, नाजूक हालचाल करतो तिला आपण हरकत म्हणतो आणि दाद देतो. व्यवहारातल्या मराठीत मात्र शब्दाने कूस बदलली. तिथे हरकत म्हणजे अडथळा, आक्षेप. आणि या अर्थाच्या नकारातून आपण रोजचा होकार घडवला : "हरकत नाही." नीट पाहिले तर हा होकार नव्हे. बोलणारा एवढेच सांगतो की मी अडवत नाही. घरात, शेजारात तेवढे पुरते, कारण तिथे चेहरा दिसतो, आवाज कळतो. सरकारी दप्तराने मात्र याच वाक्याचे प्रमाणपत्र केले आणि त्याला 'ना-हरकत' असे नाव दिले. तेव्हापासून आपल्या कारभारात संमती म्हणजे आक्षेपाचा अभाव, असे समीकरण रूढ झाले.

मी वाशीम जिल्ह्यात राहतो. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. अधिसूचना, कार्यालयीन ज्ञापने, न्यायनिवाडे आणि जनसुनावण्यांची इतिवृत्ते मी गेली काही वर्षे वाचतो आहे, आणि साहित्यकृती वाचावी तशी वाचतो आहे : कोण बोलतो, कोणाला बोलू दिले जात नाही, कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जागी बसवला आहे. या लेखातला प्रश्न त्या वाचनातून आलेला आहे. हवामानबदल रोखायचा तर सूर्य आणि वारा यांच्यावर यंत्रे चालवली पाहिजेत. यंत्रांना खनिजे लागतात. खनिजे ज्या डोंगरात आहेत तिथली माणसे 'नको' म्हणाली, तर त्या 'नको'चे काय करायचे?

स्वच्छ विजेचा खनिज-हिशेब

आधी गरज मान्य करू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पाला तेवढ्याच क्षमतेच्या वायू-विद्युत केंद्राच्या नऊपट खनिजे लागतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीला नेहमीच्या मोटारीच्या सहापट. हा हिशेब पोलाद आणि ॲल्युमिनियम वगळून आहे. तांबे, निकेल, कोबाल्ट, लिथियम, मँगनीज, ग्रॅफाइट, दुर्मीळ मृदा ही त्या यादीतली नावे. २०२२ साली 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात पाच हजारांहून अधिक खाणप्रकल्पांचा एक अभ्यास आला. ऊर्जेच्या स्थित्यंतराला लागणाऱ्या खनिजांचे निम्म्याहून अधिक, ५४ टक्के प्रकल्प जगभरातल्या आदिवासींच्या भूमीवर किंवा तिच्या लगत आहेत, असे त्यात दिसून आले. म्हणजे गावांचा विरोध हा या प्रवासातला अपवादाने येणारा अडथळा नाही. तो वाटेवरच आहे, आणि तो येणार हे आधीपासून ठाऊक आहे.

आपल्या देशाने याची तयारी केली ती कायद्यातून. खाणी व खनिजे कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. २४ खनिजे 'महत्त्वाची आणि सामरिक' ठरवून पहिल्या अनुसूचीच्या 'ड' भागात घातली गेली आणि त्यांच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे गेला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि घाईला कारण मिळाले.

मग ८ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे एक कार्यालयीन ज्ञापन निघाले. अणुखनिजे आणि या २४ खनिजांच्या खाणींना त्याने लोकविचारविनिमयातून सूट दिली. खाणपट्टा लहान असो की मोठा, छाननी केंद्रीय पातळीवर होईल. जनसुनावणी होणार नाही.

यादी वाचताना

समीक्षकाने आधी यादी वाचावी. 'ड' भागात लिथियम, कोबाल्ट, दुर्मीळ मृदा आहेत, हे खरे. पण त्यात पोटॅश आणि फॉस्फेटही आहेत. ते खताचे कच्चे द्रव्य. टंगस्टन आहे. ते कापणाऱ्या अवजारांना लागते तसे तोफगोळ्यांनाही लागते. म्हणजे ही यादी 'हरित' खनिजांची नाही. ती टंचाईची आणि सत्तेची यादी आहे. तसे उघडपणे म्हटले असते तर वाद स्वच्छ झाला असता. प्रत्यक्षात सभा-संमेलनांत या खाणींचे समर्थन सौरऊर्जेच्या नावाने होते आणि कागदावर सूट मिळते ती संरक्षण आणि सामरिक हिताच्या नावाने. एकाच खाणीला दोन भाषा, ज्या दारात जी चालेल ती.

याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. खनिज हरित किंवा काळे नसते. हरित असतो तो त्याचा उपयोग, आणि उपयोग डोंगर फोडल्यानंतर ठरतो. तांब्याचा कोणता टन सौरपंपाच्या वायरीत गेला आणि कोणता वातानुकूलन यंत्रात, हे खाणीच्या तोंडाशी उभे राहून कोणी सांगू शकत नाही. म्हणून 'ही खाण हवामानासाठी' हे वाक्य खाणीबद्दलचे विधान नसते, ते बाजारावरचा विश्वास असते. त्या विश्वासापोटी कोणाचा डोंगर मागायचा असेल तर तो विश्वास सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते.

या ज्ञापनाच्या आधीच्या वर्षात काय घडले तेही पाहिले पाहिजे. तमिळनाडूत मदुराईजवळ अरिट्टापट्टी नावाचे गाव आहे. खडकात कोरलेली जुनी लेणी, जैन शय्या आणि पाणथळ जागा असलेल्या या परिसराला २०२२ साली राज्याने जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या टंगस्टन पट्ट्याचा लिलाव झाला. गावे उठली. ग्रामसभांनी ठराव केले, राज्य विधानसभेनेही विरोधाचा ठराव केला. २३ जानेवारी २०२५ रोजी केंद्राने तो लिलाव रद्द केला. हरकत इथे खऱ्या अर्थाने चालली. सप्टेंबरच्या ज्ञापनाचे कारण हेच, असे मी म्हणत नाही. पण क्रम नोंदवण्याजोगा आहे : जानेवारीत गावांचे ऐकले गेले आणि सप्टेंबरमध्ये ऐकण्याची सभाच वगळली गेली.

गणपूर्ती नसलेली सभा

तरी जे वगळले गेले त्याबद्दल फार हळवे होण्याचे कारण नाही. जनसुनावणी आपल्याकडे १९९७ पासून आहे, आणि २००६ च्या अधिसूचनेने तिला सध्याचे रूप दिले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती आयोजित करावी, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थान घ्यावे, किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा, सभा प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी, चित्रीकरण करावे, इतिवृत्त तिथेच वाचून दाखवावे. वाचताना समाधान वाटते. मग एक छोटे वाक्य येते : या सभेला गणपूर्तीची अट नाही.

ग्रामपंचायतीच्या मासिक बैठकीला गणपूर्ती लागते. गावातल्या सहकारी सोसायटीला लागते. एखाद्या खोऱ्याचे भवितव्य ठरवणाऱ्या सभेला लागत नाही. कारण ती काही ठरवतच नाही. ती फक्त नोंदवते. आक्षेप लिहून घेतला जातो, त्याच्यासमोर कंपनीचे उत्तर लिहिले जाते आणि तो तक्ता दिल्लीच्या समितीकडे जातो. हजार माणसे 'नको' म्हणाली काय आणि दहा म्हणाली काय, तक्त्यातल्या रकान्यांची रुंदी तेवढीच.

महाराष्ट्रातले उदाहरण गडचिरोलीचे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ साली दिला गेला. तो डोंगर माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचा. दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते. २०१३ साली माओवाद्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याची हत्या केली, डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरची वाहने जाळली. २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर उत्खनन सुरू झाले. वार्षिक उत्पादन ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. सुरजागडहून ते ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आहे. 'प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ' या शब्दांचा असाही अर्थ लावता येतो. २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी मार्चपासून तोडगट्टा येथे त्या भागातल्या अनेक ग्रामसभांचे लोक नव्या प्रस्तावित खाणी आणि त्यांच्यासाठीचे रस्ते यांच्या विरोधात ठाण मांडून बसले. ते आठ महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी उठवले.

सुरजागडचे लोखंड पवनचक्कीच्या खांबात जाते, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. ते कुठेही जाते. लोहखनिज त्या २४ च्या यादीतही नाही. पण या डोंगराने एक धडा दिला आहे. जिथे बंदुका दोन्ही बाजूंनी येतात तिथे साधा आक्षेप घेणाऱ्याला बोलायला जागाच उरत नाही. त्याचा 'नको' एकीकडे देशद्रोह ठरतो, दुसरीकडे कोणाच्या तरी क्रांतीचे भांडवल. अशा ठिकाणी तर ऐकून घेण्याची नागरी जागा अधिक जपायला हवी होती.

मुरूम आणि लिथियम

अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली पेसा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात खनिजांचा उल्लेख आहे. गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक. गौण खनिज म्हणजे वाळू, मुरूम, गिट्टी. लोखंड, बॉक्साइट, लिथियम यांना हे लागू नाही. कायद्याचे म्हणणे असे होते : गावाचा रस्ता ज्याने भरायचा तो मुरूम काढायला गावाला विचारा, गावाचा डोंगर नाहीसा करणारी खाण काढायला विचारण्याची गरज नाही. जितके नुकसान मोठे तितका अधिकार लहान.

ही फट एकदा भरली गेली होती, ती दुसऱ्या कायद्याच्या आधाराने. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइटबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वनाधिकार कायद्याच्या आधारे निर्णय दिला की डोंगरिया कोंधांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही ग्रामसभांनी नकार दिला, आणि २०१४ च्या जानेवारीत मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला. सौर पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून होते. नियमगिरी वाचली म्हणून देशातली सौरऊर्जा थांबली नाही. एका डोंगराचा नकार पचवण्याइतका हा देश मोठा आहे, हे तेव्हा दिसले.

आपल्याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव याच्याही पुढे गेलेले आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय करत नाही, सर्वसहमतीने करते. एक माणूस पटत नाही म्हणाला तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. ही पद्धत वेळ खाते. पण तिथे हरकत म्हणजे अडथळा नसतो. सगळ्यांनी अजून विचार करायला हवा याची ती खूण असते. गणपूर्ती नसलेल्या जनसुनावणीपासून हे गाव फार लांब नाही. जिल्हा एकच आहे.

कोळशाचा आक्षेप

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा. 'गावाने नको म्हटले म्हणून खाणी थांबल्या, तर कोळसा चालू राहील. त्याची किंमत कोण देईल?' हा प्रश्न विदर्भात तरी टाळता येत नाही. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस ही वीजकेंद्रे आमच्याच प्रदेशात आहेत. राख आमच्याकडे पडते आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत पाऊस कोसळतो तेव्हा नुकसानही आमचेच होते. आणि संमतीच्या बाबतीत कोळशाचा इतिहास अधिक वाईट आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने हरकतीसाठी ३० दिवस दिले आणि सोबत एक स्पष्टीकरण जोडले : 'इथला कोळसा मला स्वतःला काढायचा आहे, सरकारने किंवा दुसऱ्याने काढू नये' असे कोणी म्हटले तर ती हरकत मानली जाणार नाही. काय म्हटले म्हणजे हरकत होत नाही, हे सांगणारा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झालो होतो.

टनांचा हिशेबही स्वच्छ ऊर्जेच्या बाजूचा आहे. कोळसा एकदा जळला की संपतो, तांबे वितळवून पुन्हा वापरता येते. धातू काढताना त्याच्या शंभरपट खडक उपसावा लागतो हे धरूनही सूर्याचा मार्ग कमी विध्वंसक आहे, असे माझे मत आहे. मी खाणींच्या सरसकट विरोधात नाही. विरोध करणारी गावेही एकजिनसी नसतात. तिथे रोजगार हवा असलेली तरुण मुले असतात, आणि त्यांचा होकारही तितकाच स्थानिक असतो. शहरातल्या आपल्यासारख्यांनी आदिवासींच्या तोंडी फक्त नकार घालावा, हासुद्धा त्यांना बोलू न देण्याचाच प्रकार आहे.

पण या युक्तिवादातून काय निघते ते नेमके पाहिले पाहिजे. काम निकडीचे आहे, एवढे त्यातून निघते. विचारू नये, हे निघत नाही. निकड हे विचारणे टाळण्याचे कारण म्हणून कोळशाच्या वेळीही वापरले गेले, धरणांच्या वेळीही. दरवेळी निकड खरी होती, आणि दरवेळी किंमत त्याच माणसांनी दिली. कोळशाची जागा सूर्याने घेतली आणि 'कोण देणार' याचे उत्तर तेच राहिले, तर इंधन बदलले, व्यवस्था बदलली नाही.

वाशीमच्या बाजूने

हे सगळे लिहिणारा मी कुठे उभा आहे? वाशीम जिल्हा बेसॉल्टच्या पठारावर आहे. आमच्या काळ्या मातीखाली लिथियम किंवा तांब्याचा शोध घेत कोणी येण्याची शक्यता कमी. या प्रश्नात आमची बाजू उपभोक्त्याची आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के रक्कम भरतो आणि शेतात पॅनेल उभे राहते. माझ्या नात्यातल्या शेतांतही ती उभी आहेत. रात्री साप-विंचवाच्या भीतीने वीज येण्याची वाट पाहणे ज्याने केले आहे, त्याला दिवसा चालणाऱ्या पंपाचे मोल सांगावे लागत नाही. मी ते पॅनेल काढा असे कोणालाही सांगणार नाही. पण काचेखालची चांदी, चौकटीचे ॲल्युमिनियम, खांबावरचे जस्त, वायरीतले तांबे कुठल्या तरी डोंगरातून आले आहे. तिथल्या 'नको'शी आमचा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आम्हाला उरलेली नाही.

शिवाय तोच प्रश्न लहान रूपात आमच्या गावांतही आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्प उभारायचे आहेत. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे प्रतिवर्षी ५ लाख रुपये मिळतात. वऱ्हाडात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ई-क्लास. कागदावर ती पडीक, चराईची. प्रत्यक्षात तिच्यावर कोणाची तरी गुरे चरतात, आणि पुष्कळ ठिकाणी भूमिहीन दलित, बंजारा, पारधी, आंध कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पेरणी करतात. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहाची एक प्रमुख मागणी याच जमिनींची होती. अनुसूचित जाती-जमातींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तरी अनेकांच्या नावे पट्टा झालेला नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून भाड्यावर हक्क नाही, आणि ना-हरकत देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला, जिथे त्यांचा आवाज सर्वांत क्षीण. वाशीम जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने पेसाचाही आधार नाही. 'पडीक' हा शब्द इथे जनसुनावणीच्या सवलतीचेच काम करतो : जिथे कोणी नाही असे एकदा लिहिले, तिथे कोणाला विचारायचे? कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट राहते ते अशाच, एरवी पडीक म्हटल्या जाणाऱ्या गवताळ रानावर.

म्हणून एटापल्लीसाठी मी जे मागतो ते आधी आमच्या ग्रामसभेत मागितले पाहिजे. मागणी फार मोठी नाही. निर्णय होण्यापूर्वी विचारावे. विचारताना 'नको' हे उत्तर शक्य असावे, कारण ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते तो प्रश्न नसून सूचना असते. 'नको' आल्यावर मागणाऱ्याने दाखवावे की हेच खनिज, हाच डोंगर, हाच उपयोग का, आणि भंगारातून, दुसऱ्या जागेतून किंवा कमी वापरातून ते का भागत नाही. तरीही पुढे जायचे ठरले, तर त्याची कारणे त्या गावाच्या भाषेत, त्या गावात येऊन सांगावीत. आणि ठरावाच्या नोंदवहीत 'हरकत नाही' असे न लिहिता कोणी, का आणि कोणत्या अटींवर हो म्हटले ते लिहावे.

शेवटची अट आमच्या ग्रामसेवकांपासून दिल्लीच्या समितीपर्यंत सर्वांना कटकटीची वाटेल. ना-हरकत एका सहीत होते. होकाराला सभा लागते, माणसे लागतात, आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्यालाही बोलवावे लागते. येत्या काळात ई-क्लासवर पॅनेलची रांग उभी करण्याचा ठराव ज्या गावांसमोर येईल, तिथल्या वाचकांनी सभेला जावे आणि त्या जमिनीवर कोण पेरतो त्याचे नाव इतिवृत्तात यावे एवढा आग्रह धरावा.